दोन अंगणे, एक सूर्य
परदेशी शाळांच्या सहकार्याने विज्ञान व गणिताचा प्रत्यक्ष पाठ

शाळेच्या अंगणात एक मीटर लांबीची सरळ काठी उभी करावी. मार्च महिन्याच्या २१ तारखेच्या सुमारास, सूर्य आकाशात सर्वांत उंच असताना, तिची छाया मोजावी. पणजीच्या परिसरात ती सुमारे २८ सेंटिमीटर भरते. हा आकडा वहीत लिहिला म्हणजे कृती पूर्ण होते. पाठ मात्र अपुराच राहतो. त्याच दिवशी मालदीवची राजधानी माले येथील एखाद्या शाळेने तेवढीच काठी उभी केली, तर तेथील छाया अवघी ७ सेंटिमीटर भरेल. हे दोन आकडे पत्राने एकत्र आले आणि दोन गावांमधील अंतर ठाऊक असले, म्हणजे सातवी-आठवीतील मुलांना पृथ्वीचा परीघ काढता येतो. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, किमती उपकरण लागत नाही. लागते ती एक काठी, एक सूर्य आणि दूर देशी असलेला एक प्रामाणिक सोबती.

निरनिराळ्या देशांतील शाळांनी परस्परांशी संबंध जोडावेत, हा विचार आता नवा राहिलेला नाही. परंतु पुष्कळदा अशा संबंधांतून शुभेच्छापत्रे, ध्वज आणि छायाचित्रे यांचीच देवघेव होते. त्यात वावगे काही नाही. तथापि त्यामुळे मुलांच्या विज्ञानात वा गणितात भर पडतेच असे नाही. ज्या पाठात परक्या शाळेचा आकडा हाती आल्यावाचून आपले उदाहरण सुटतच नाही, तोच पाठ खऱ्या अर्थाने दोन शाळांचा पाठ होय. छायामापनाचा पाठ हा त्याचा उत्तम नमुना असल्याने त्याची सविस्तर माहिती येथे दिली आहे.

प्राचीन आधार

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एरॅटोस्थेनिस हा ग्रीक विद्वान ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथील प्रसिद्ध ग्रंथालयाचा प्रमुख होता. दक्षिणेकडील सायीन, म्हणजे आजचे आस्वान, या नगरीत वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी माध्यान्हीला सूर्य थेट डोक्यावर येतो, हे त्याला ठाऊक होते. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र उभ्या वस्तूची छाया पडत असे. त्या छायेवरून त्याने कोन काढला. तो संपूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे ७.२ अंश भरला. दोन नगरींमधील अंतर ५,००० स्टेडिया मानले जात होते. त्याला ५० ने गुणून त्याने पृथ्वीचा परीघ २,५०,००० स्टेडिया ठरविला. सूर्य फार दूर असल्याने त्याचे किरण दोन्ही ठिकाणी समांतर येतात आणि छायांतील फरक पृथ्वीच्या गोलाईमुळे पडतो, ही या गणितामागील मूळ कल्पना आहे.

छायेचे गणित आपल्या परंपरेलाही परके नाही. सन १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथात ‘छायाव्यवहार’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. उज्जैन येथे सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात उभारलेल्या वेधशाळेत शंकुयंत्र आजही पाहावयास मिळते. जमिनीवर उभा केलेला शंकू आणि त्याची छाया एवढ्याच साधनांवर दिशा, काल आणि अक्षांश यांचे ज्ञान आपल्या ज्योतिर्विदांनी मिळविले. तेव्हा अंगणातील काठी ही गरीब शाळेची तडजोड समजण्याचे कारण नाही.

परदेशांतील अनुभव

पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक १९९२ साली मिळविणारे फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज शार्पाक यांनी १९९६ साली फ्रेंच विज्ञान अकादमीच्या पाठबळाने प्राथमिक शाळांसाठी एक चळवळ सुरू केली. अमेरिकेतील शिकागो शहराच्या गरीब वस्तीतील शाळांमधून लेऑन लेडरमन या शास्त्रज्ञाच्या प्रेरणेने चाललेले प्रयोगाधिष्ठित शिक्षण त्यांनी पाहिले होते. फ्रान्समधील चळवळीचे नाव ‘ला मँ आ ला पात’ असे आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘कणकेत हात’ असा होतो. कणीक मळल्याशिवाय भाकरी-पोळी समजत नाही, तसे हाताने केल्याशिवाय विज्ञान समजत नाही, हा त्यातील भावार्थ. याच चळवळीने एरॅटोस्थेनिसच्या पावलांवर पाऊल ठेवणारा छायामापनाचा उपक्रम हाती घेतला आणि निरनिराळ्या अक्षांशांवरील शाळांना परस्परांचे आकडे वापरण्यास शिकविले.

दुसरा उपक्रम अमेरिकेत जन्माला आला. ‘ग्लोब’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कार्यक्रमाची घोषणा २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी झाली आणि १९९५ साली त्याचे काम सुरू झाले. नासा ही अवकाशसंस्था त्याच्या पाठीशी असून १२० हून अधिक देश त्यात सहभागी झाले. भारतही त्यांपैकी एक आहे. सहभागी शाळांतील मुले तापमान, पाऊस, ढग, माती यांची निरीक्षणे ठरीव पद्धतीने नोंदवितात आणि ती सर्वांना उपलब्ध होतात. वातावरणाची दैनिक निरीक्षणे स्थानिक सौर माध्यान्हीच्या आगेमागे एक तासाच्या आत घ्यावीत, असा त्यांचा नियम आहे. देश कोणताही असो, घड्याळ काहीही दाखवो, सूर्य मात्र सर्वांचा समान साक्षी राहतो.

दूरची शाळा कशासाठी?

शेजारच्या गावातील शाळा असताना परदेशातील शाळा कशाला, असा प्रश्न कोणीही ग्रामस्थ विचारील आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर प्रतिष्ठेत शोधू नये. ते गणितात आहे.

पेडणे व काणकोण ही गोव्याची दोन टोके. उत्तर-दक्षिण दिशेने पाहता त्यांमधील अंतर सुमारे ७८ किलोमीटर आहे. मार्चमध्ये एक मीटर काठीची छाया पेडण्यात सुमारे २८.१ आणि काणकोणात सुमारे २६.८ सेंटिमीटर पडेल. फरक जेमतेम १.३ सेंटिमीटरचा. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी असल्याने छायेची कडा मुळातच सुमारे एक सेंटिमीटरभर पुसट असते. म्हणजे जे मोजावयाचे ते जवळजवळ पुसटपणाएवढेच लहान. मोजताना एक सेंटिमीटरची चूक झाली, तर पृथ्वीचा परीघ कधी २२ हजार किलोमीटर, तर कधी दीड लाख किलोमीटर येईल.

हीच एक सेंटिमीटरची चूक पणजी व माले या जोडीत झाली, तर उत्तर सुमारे पाच टक्क्यांनी चुकते. बेळगाव आणि किरगिझस्तानची राजधानी बिश्केक या जोडीत बेळगावच्या मापात तेवढीच चूक झाली, तर उत्तर दोन टक्क्यांनी चुकते. सोबती जितका दूर, तितकी लहानशी चूक कमी नडते. सामान्य साधनांच्या शाळेलाच दूरच्या सोबत्याची अधिक गरज आहे, हे यावरून ध्यानी यावे.

पणजी ७३.८ अंश पूर्व रेखांशावर आणि माले ७३.५ अंशांवर आहे. बेळगाव ७४.५ अंशांवर आणि बिश्केक ७४.६ अंशांवर आहे. या जोड्या जवळजवळ एकाच रेखावृत्तावर येत असल्याने तेथे माध्यान्ह जवळजवळ एकाच क्षणी होते. मार्चच्या २१ तारखेला पणजीत भारतीय प्रमाणवेळेप्रमाणे सुमारे १२ वाजून ४२ मिनिटांनी छाया सर्वांत आखूड होते. त्या क्षणी मालेतील घड्याळ १२ वाजून १२ मिनिटे दाखविते. घड्याळांत अर्ध्या तासाचे अंतर असले, तरी दोन्ही अंगणांतील मुले एकाच वेळी छायेवर खूण करीत असतात. रेखांशाचा हा अर्थ नकाशावरील रेषांवरून मुलांच्या मनात सहसा उतरत नाही.

अपेक्षित छाया

मार्चच्या २१ तारखेच्या सुमारास दिवस व रात्र समान असतात. त्या दिवशी माध्यान्हीला डोक्यावरील बिंदूपासून सूर्याचे कोनीय अंतर त्या गावच्या अक्षांशाएवढे असते. त्या हिशेबाने एक मीटर काठीच्या छाया पुढीलप्रमाणे येतात.

बिश्केक : कोन ४२.९ अंश, छाया सुमारे ९३ सें.मी.
ग्वाल्हेर : कोन २६.२ अंश, छाया सुमारे ४९ सें.मी.
इंदूर : कोन २२.७ अंश, छाया सुमारे ४२ सें.मी.
बडोदे : कोन २२.३ अंश, छाया सुमारे ४१ सें.मी.
हैदराबाद : कोन १७.४ अंश, छाया सुमारे ३१ सें.मी.
बेळगाव : कोन १५.९ अंश, छाया सुमारे २८ सें.मी.
पणजी : कोन १५.५ अंश, छाया सुमारे २८ सें.मी.
माले : कोन ४.२ अंश, छाया सुमारे ७ सें.मी.
पोर्ट लुई, मॉरिशस : कोन २०.२ अंश, छाया सुमारे ३७ सें.मी., परंतु दक्षिणेकडे

ही यादी शिक्षकांनी स्वतःजवळ ठेवावी. मापन होण्यापूर्वी ती विद्यार्थ्यांस दाखवू नये. कारण पुढे येणारच आहे.

प्रत्यक्ष कृती

१. जागा सपाट असावी. गवंड्याची पाणसळ मिळाल्यास उत्तम. नसल्यास ताटात पाणी घेऊन जमिनीचा उतार पाहता येतो.

२. काठीची जमिनीवरील उंची नेमकी १०० सेंटिमीटर ठेवावी. ती उभी आहे की नाही हे दोन बाजूंनी ओळंबा धरून पाहावे. दोरीला दगड बांधला तरी ओळंब्याचे काम होते.

३. दुपारी सव्वाबारापासून एक वाजून दहा मिनिटांपर्यंत, दर पाच मिनिटांनी छायेच्या टोकावर खूण करावी व वेळ लिहावी. यांपैकी सर्वांत आखूड छाया ही माध्यान्हीची छाया होय. ती उत्तर-दक्षिण दिशाही दाखविते. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर आला, ही समजूत या एकाच कृतीने दूर होते.

४. तीन गटांनी तीन काठ्या लावून स्वतंत्रपणे मापन करावे. तिन्ही आकडे लिहून मग सरासरी काढावी.

५. छायेची दिशा, काठीची उंची, तारीख, वेळ आणि आकाशाची स्थिती यांची नोंद करावी. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, हे मुलांना आधीच बजावावे.

कोन काढण्यासाठी खालच्या वर्गांत त्रिकोणमितीची आवश्यकता नाही. कागदावर १० सेंटिमीटरची उभी रेषा व तिच्या पायथ्याशी काटकोनात २.८ सेंटिमीटरची आडवी रेषा काढून टोके जोडावीत. वरच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकाने मोजावा. दहावीच्या विद्यार्थ्यांनी छायेला उंचीने भागून स्पर्शक गुणोत्तरावरून तोच कोन काढावा आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत.

परिघाचे गणित

पणजीचा कोन १५.५ अंश आणि मालेचा ४.२ अंश. वजाबाकी ११.३ अंश. दोन्ही ठिकाणांमधील अंतर सुमारे १,२५० किलोमीटर. ११.३ अंशांना १,२५० किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिकाने उत्तर सुमारे ३९,८०० किलोमीटर येते. पृथ्वीचा ध्रुवांवरून मोजलेला परीघ सुमारे ४०,००८ किलोमीटर आहे. बेळगाव व बिश्केक यांच्या कोनांत २७ अंशांचा फरक असून उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३,००० किलोमीटर आहे. तेथे उत्तर ४०,००० किलोमीटर येते.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. दोन गावांमधील अंतर काढताना अक्षांशांच्या फरकाला १११ ने गुणू नये. एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर हा आकडा पृथ्वीच्या परिघावरूनच आलेला आहे. तो वापरला, तर जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरल्यासारखे होईल. अंतर हे भूमी मोजूनच आलेले असावे. ते कसे मोजले गेले, याचा इतिहास मराठी वाचकांच्या घराजवळचा आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासहून दक्षिण भारताचे त्रिकोणमितीय मोजमाप सुरू केले आणि ७८ अंश रेखावृत्ताच्या अनुरोधाने ते उत्तरेकडे नेले. या कामावर असतानाच १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पोहोचविले.

हैदराबाद व ग्वाल्हेर ही दोन्ही शहरे याच ७८ अंश रेखावृत्ताच्या जवळ आहेत. दोहोंच्या कोनांत ८.८ अंशांचा फरक असून अंतर सुमारे ९८० किलोमीटर आहे. परदेशी शाळेशी पत्रव्यवहार सुरू करण्यापूर्वी या दोन शहरांतील शाळांनी परस्परांत एकदा मापन करून पाहिले, तर ती चांगली पूर्वतयारी होईल. पत्र मराठीत लिहिता येईल, हा त्यातला अधिकचा लाभ.

मॉरिशसची छाया

मराठीत पत्र लिहिण्याची सोय परदेशातही आहे. मॉरिशसमध्ये मराठी भाषक समाज अनेक पिढ्यांपासून नांदतो आणि तेथील शाळांतून मराठी शिकविली जाते. हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्याने गणितास एक निराळे वळण मिळते.

मार्चमध्ये पणजीत माध्यान्हीला सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो व छाया उत्तरेकडे पडते. पोर्ट लुई येथे सूर्य उत्तरेकडे असतो व छाया दक्षिणेकडे पडते. अशा वेळी कोनांची वजाबाकी न करता बेरीज करावी लागते : १५.५ अधिक २०.२ म्हणजे ३५.७ अंश. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला मात्र सूर्य २३.४ अंश दक्षिणेस गेलेला असतो. त्या वेळी पणजीतील कोन ३८.९ अंश होतो. पोर्ट लुईत सूर्य डोक्यावरील बिंदूच्याही दक्षिणेस ३.२ अंश असतो, म्हणून तेथील छाया उत्तरेकडे वळते. आता वजाबाकी करावी लागते : ३८.९ वजा ३.२. उत्तर पुन्हा ३५.७ अंशच. ऋण संख्या, बेरीज आणि वजाबाकी यांचा अर्थ फळ्यावरील चिन्हांपेक्षा या दोन छायांनी अधिक पक्का होतो. परदेशी शाळेला छायेची दिशा विचारण्यास विसरल्यास सगळे गणित फसते, हेही मुले अनुभवाने शिकतात.

पोर्ट लुई ५७.५ अंश रेखांशावर असल्याने पणजीच्या थेट दक्षिणेस नाही. म्हणून तेथे सरळ अंतर न घेता केवळ उत्तर-दक्षिण अंतर घ्यावे. ते सुमारे ३,९४० किलोमीटर आहे. प्रत्येक शाळेने आपापल्या माध्यान्हीला मापन करावे. ढगांमुळे दिवस चुकल्यास मार्चमध्ये काळजी घ्यावी, कारण त्या दिवसांत सूर्य दररोज सुमारे ०.४ अंश सरकतो. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो जवळजवळ स्थिर असतो. त्या काळात दोन शाळांची मापने दोन-तीन दिवस मागेपुढे झाली तरी चालते.

आकडा बदलू नये

या पाठातील सर्वांत कठीण भाग गणिताचा नाही. समजा, एखाद्या वर्गाला छाया २८ ऐवजी ३१ सेंटिमीटर मिळाली. शिक्षकांना खरे उत्तर ठाऊक आहे. पाहुणे आलेले आहेत, परदेशी शाळेला पत्र जावयाचे आहे. अशा वेळी ३१ खोडून २८ लिहिण्याचा मोह होतो. तो मोह आवरला नाही, तर पाठ तेथेच संपला असे समजावे.

३१ सेंटिमीटर तसेच ठेवले, तर कोन १७.२ अंश येतो, मालेशी फरक १३ अंशांचा पडतो आणि परीघ सुमारे ३४,६०० किलोमीटर निघतो. मालेतील वर्ग लिहील की आकडा जुळत नाही. मग शोध सुरू होईल. ओळंबा धरला होता काय? काठीचे वरचे टोक उत्तरेकडे अवघे तीन सेंटिमीटर कलले असले, तरी छायेत तीन सेंटिमीटरची वाढ होते. मुले पुन्हा अंगणात जातील, काठी सरळ करतील, नव्याने मोजतील आणि दोन्ही आकडे कारणासह कळवतील. हा शोध म्हणजेच विज्ञान. खोडून लिहिलेल्या २८ मध्ये ते नाही. शिवाय सोबत्याने आपला खरा आकडा पाठविलेला असता त्याला बनावट आकडा देणे हा विश्वासघातही आहे. त्याचे उत्तर आपल्या आकड्यावर अवलंबून आहे.

‘ग्लोब’ कार्यक्रमातील पर्जन्यनोंदीची पद्धत या दृष्टीने अनुकरणीय आहे. पाऊस पडला नाही, तर शून्य लिहावे. मोजता येणार नाही इतका अल्प पडला, तर त्यासाठी निराळी खूण आहे. मोजणी झालीच नाही, तर त्यासाठी आणखी निराळी खूण आहे. ‘पडला नाही’ आणि ‘पाहिले नाही’ या दोन गोष्टी एक नव्हेत. ही शिस्त ज्या मुलाच्या अंगी बाणली, तो पुढे तलाठी होवो, परिचारिका होवो, दूध संस्थेचा चिटणीस होवो की शेतकरी होवो, त्याच्या नोंदवहीवर गाव विश्वास ठेवू शकेल.

हुशंगाबादचा धडा

खेड्यातील शाळांना प्रयोगाने विज्ञान शिकविणे झेपेल काय, या शंकेला मध्य प्रदेशाने पूर्वीच उत्तर दिले आहे. किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी शासनाच्या अनुमतीने १९७२ साली त्या वेळच्या हुशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत प्रयोगाधिष्ठित विज्ञानशिक्षण सुरू केले. हा जिल्हा आज नर्मदापुरम या नावाने ओळखला जातो. पुढे १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने ते काम वाढविले. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांतून उत्तरे दिलेली नसत. मुलांनी ती प्रयोगाने शोधावयाची असत. साहित्याची पेटी, शिक्षकांच्या मासिक बैठका आणि पुस्तक जवळ ठेवून देण्याची परीक्षा ही त्याची वैशिष्ट्ये होती.

हा कार्यक्रम २००२ साली शासकीय निर्णयाने बंद झाला. त्याच्या तीस वर्षांच्या वाटचालीतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. खेड्यातील शिक्षक व मुले हे काम करू शकतात, ही पहिली. आणि असा उपक्रम टिकावयाचा तर परीक्षापद्धती, शिक्षकांचे प्रशिक्षण व प्रशासनाचे पाठबळ यांची जोड सतत राहावी लागते, ही दुसरी.

कोणी काय करावे?

शिक्षकांनी आरंभी एकाच सोबती शाळेची निवड करावी आणि एकाच मापनावर लक्ष केंद्रित करावे. पत्रात काठीची उंची, छाया, दिशा, तारीख व वेळ एवढे पाच तपशील असावेत. आकड्यांना भाषांतर लागत नाही. मात्र एककांचा उल्लेख स्पष्ट हवा. पत्रव्यवहार मुख्याध्यापकांच्या नावे व्हावा आणि मुलांची वैयक्तिक माहिती परदेशी पाठवू नये. परीक्षा व सुट्ट्या दोन्हीकडे निराळ्या असल्याने दिवस आधी विचारून ठरवावा.

अधिकाऱ्यांनी शाळेला भेट देताना उत्तर बरोबर आले काय, एवढेच विचारू नये. चुकलेले आकडे वहीत शाबूत आहेत काय, हेही पाहावे. ज्या शाळेच्या वहीत प्रत्येक मापन पहिल्या फेरीतच अचूक आलेले दिसेल, तेथे चौकशी अधिक आपुलकीने व अधिक बारकाईने व्हावी. अहवालासाठी सोहळा करण्याऐवजी शिक्षकाला मापनाच्या दिवशी दोन तास मोकळे देणे अधिक उपकारक ठरेल.

ग्रामस्थांचाही या पाठात वाटा आहे. गावातील गवंड्याने ओळंबा कसा धरावा हे मुलांना दाखवावे. सुताराने सरळ काठी तासून द्यावी. ज्येष्ठांनी ऋतुमानाप्रमाणे अंगणातील छाया कशी सरकते, हे आपल्या अनुभवातून सांगावे. पणजीच्या परिसरात मेच्या आरंभी आणि ऑगस्टच्या पूर्वार्धात माध्यान्हीला उभ्या काठीची छाया नाहीशी होते. ग्वाल्हेरला मात्र असा दिवस वर्षातून एकदाही येत नाही, कारण ते शहर कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहे. अशा गोष्टी घरच्या अंगणातून सुरू होऊन भूगोलाच्या पुस्तकापर्यंत पोहोचतात.

परदेशी शाळेशी सहकार्य म्हणजे मोठ्या शहरातील सुस्थितीतील शाळांचे काम, असा समज अजूनही आढळतो. छायेचा पाठ तो समज खोडून काढतो. बिश्केकच्या शाळेत संगणक अधिक असतील, इमारत मोठी असेल. परंतु दक्षिणेकडील एखाद्या शाळेने खरा आकडा कळविल्यावाचून तिलाही या रीतीने पृथ्वीचा परीघ काढता येणार नाही. जेवढी आपल्याला तिची गरज, तेवढीच तिला आपली. समान पायावर उभे असलेले असे सहकार्य आपल्या शाळांनी विश्वासाने हाती घ्यावे. येत्या समरात्रीच्या दिवशी अंगणात एक सरळ काठी उभी करून त्याचा आरंभ करता येईल.